गॅसचं विरजण

माझ्या खानावळीच्या मागच्या दाराशी पाच-सहा निळ्या कॅन कायम धुऊन ठेवलेल्या असतात. नवीन माणसाला वाटतं, पाणी साठवायच्या असतील. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं दारात कॅन दिसली की दुसरं काही मनात येतच नाही. पण या कॅन विरजणाच्या आहेत. कुणी नवा गॅस प्लांट बसवला की माझ्या टाकीतली चाळीस-पन्नास लिटर स्लरी भरून मी त्याच्याकडे घेऊन जाते. शेजारणीला वाटीभर दही द्यावं, तसंच. ही स्लरी काळपट हिरवी आणि पातळ पिठल्यासारखी असते. तिला शेणपाण्याचा वास येतो, सडक्या अन्नाचा येत नाही. सडका किंवा आंबूस वास आला की समजायचं, टाकीचं पोट बिघडलंय.

विजापूर रोडला माझी खानावळ आहे. आयटीआयची मुलं, एमआयडीसीतले कामगार, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली खेड्यातली माणसं असं माझं गिऱ्हाईक. दोन्ही वेळची मिळून अडीचशे ताटं होतात. त्यामागं रोज पस्तीस-चाळीस किलो ओलं निघतं. भाजीची देठं, बटाट्याची सालं, ताटातला भात, आमटीचा तळ, मोडक्या भाकरी. पूर्वी हे सगळं मागच्या पिंपात जायचं. घंटागाडी एक दिवस चुकली तरी उन्हाळ्यात त्या पिंपाजवळ उभं राहवत नसे. शेजारचे भांडायला यायचे आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

२०१४ साली मी प्लांट बसवला. दोन प्लॅस्टिकच्या टाक्या, खालच्या मोठीत वरची जराशी लहान उपडी घातलेली. खालच्या टाकीत खाद्य कुजतं, गॅस धरला की वरची टोपी हळूहळू उचलते. सकाळी टोपी किती वर आलीय ते बघायचं आणि आज आमटी कुठल्या शेगडीवर चढवायची ते ठरवायचं. बसवणाऱ्यानं दोन तासांत पाइप जोडले, शेणकाला भरून दिला, फोटो काढला आणि म्हणाला, ''आता ओलं टाकत जा, गॅस येत जाईल.'' त्याचं नाव इथं काढत नाही. त्याच्या टाक्या चांगल्याच होत्या, आजही चालतात. तो त्यानंतर कधी आला नाही, इतकंच.

तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत लागली. खानावळीतल्या सगळ्या बायका हात पुसत बघायला जमल्या. त्याच आठवड्यात शेजारी लग्न होतं. उरलेला भात वाया जाताना मला बघवेना, म्हणून चार घमेली भात मी आनंदानं टाकीत ओतला. दुसऱ्या दिवशी टोपी एकदम वर आली. मला वाटलं, जिंकलं. पण काडी लावली तर गॅस नुसता फुस्स करत बाहेर येई, पेट काही घेईना. चौथ्या दिवशी टोपी खाली बसली ती बसलीच. आंबूस वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. मी फोनवर फोन केले, पलीकडून कुणी उचलला नाही.

त्या वेळी माझ्याकडे एक निवृत्त विज्ञान शिक्षक जेवायला यायचे. त्यांनी शाळेतला लिटमस कागद आणला, स्लरीत बुडवला. कागद लालभडक झाला. ते म्हणाले, ''ताई, पोट आंबलंय. आठ दिवस लंघन द्या.'' मग त्यांनी जे समजावलं, त्यावर माझं आजवरचं सगळं काम उभं आहे.

टाकीत सूक्ष्मजंतूंच्या दोन टोळ्या असतात. पहिली टोळी भात, भाकरी, भाजी फोडून त्याचं आंबट पाणी करते. ती चपळ असते, पडेल ते खाते. दुसरी टोळी ते आंबट खाऊन मिथेन वायू सोडते. ही सावकाश वाढते, नाजूक असते, हवा लागली की मरते. एकदम ढीगभर भात टाकला की पहिली टोळी आंबट करत सुटते आणि दुसरीला तेवढं खाणं झेपत नाही. आंबटपणा वाढला की ती मरायला लागते. मग जो वायू येतो तो बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड, तो कुठून पेटणार? टाकी निरोगी असली की गॅसमध्ये शंभरातले पंचावन्न ते पासष्ट भाग मिथेन असतो.

मी आठ दिवस काही टाकलं नाही. चुन्याची निवळी घातली, गवळ्याकडून ताजं शेण आणून कालवून ओतलं. अठराव्या दिवशी पुन्हा ज्योत लागली. तेव्हापासून माझ्याकडे पातेलं ठरलेलं आहे. सकाळी दोन पातेली, संध्याकाळी दोन, तेवढंच पाणी. जास्त उरलं तरी पाचवं पातेलं पडत नाही. पाणी तांदूळ धुतल्याचं आणि भाज्या धुतल्याचं, शिवाय टाकीतून बाहेर आलेल्या स्लरीचंच वरचं पाणी परत. आमच्या गावात गॅससाठी नळाचं पाणी ओतणं मला पटत नाही.

हिशोबही सांगते, कारण फुकट गॅसच्या गोष्टी सांगून प्लांट विकणारे फार आहेत. साधारण दहा किलो ओल्या अन्नकचऱ्यातून एक घनमीटर गॅस मिळतो. शेणातून तेवढाच हवा तर पंचवीस किलो शेण लागतं. एक घनमीटर गॅस म्हणजे अर्धा किलोहून थोडा कमी एलपीजी. माझ्या चाळीस किलोतून रोज एक मोठी शेगडी चारेक तास जळते. पूर्वी महिन्याला १९ किलोचे चौदा सिलिंडर लागायचे, आता अकरात भागतं. तीन सिलिंडर वाचतात, सगळे चौदा नाही. शिवाय पिंप गेलं, माशा गेल्या, आणि स्लरी एक डाळिंबवाले मामा मोहोळहून येऊन घेऊन जातात. ते पैसे देत नाहीत, डाळिंबं देतात.

हे शास्त्र काही आजचं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून गॅस काढून वापरला गेला होता. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी शेण आणि मैला दोन्हींवर प्रयोग केले. त्यांच्या वाटेनं जाऊन देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले गॅस प्लांट घरोघर नेले. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गावोगावी ज्याला आपण गोबरगॅस म्हणतो, ती लोखंडी टोपीची विहीर खादी आयोगानं साठच्या दशकापासून पसरवली.

पण खानावळवाल्यांसाठी खरा फरक केला तो पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या डॉ. आनंद कर्वे यांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. हे जंतू मूळचे जनावराच्या पोटातले. शेण म्हणजे जनावरानं सगळं सत्त्व काढून घेऊन टाकलेलं उरलंसुरलं. मग जंतूंना उष्टं शेण घालण्यापेक्षा पिठूळ, गोड, खरं अन्नच का घालू नये? त्यातून घराच्या गच्चीवर मावेल असा प्लांट निघाला आणि २००६ साली त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हा मोठ्या उपाहारगृहांना, बाजारांना झेपेल असा प्लांट तयार केला. त्यात कचरा आधी दळून, गरम पाणी घालून वेगळ्या टाकीत मुरवतात आणि मगच गॅसच्या टाकीत सोडतात. काळेसाहेबांना २०१३ ची पद्मश्री मिळाली. मी हे वाचलं तेव्हा मला बळ आलं. माझ्या मागच्या दारातल्या टाकीमागं एवढी माणसं उभी आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझं बघून पहिल्यांदा विचारायला आले ते पूर्व भागातले इडलीवाले अण्णा. त्यांचा प्लांट वर्षभर बंद पडून होता. मला म्हणाले, ''आक्का, गॅस येईना झालाय. टाकी विकून टाकू का?'' मी टाकीचं झाकण काढलं आणि वास घेतला. विचारलं, ''अण्णा, काय काय टाकता?'' ते म्हणाले, ''इडलीचं उरलेलं पीठ, सांबार, सगळंच की.'' इडलीचं पीठ म्हणजे आधीच आंबवलेलं, त्याच्या बादल्याच्या बादल्या टाकीत जात होत्या. मी म्हटलं, ''तुमचं पीठ मेच्या उन्हात रात्रभर ठेवलं तर काय होतं?'' ते लगेच म्हणाले, ''फसफसून वाया जातं.'' पुढं मला काही समजवावं लागलं नाही. पीठ आंबवणाऱ्या माणसाला टाकीची भाषा दोन वाक्यांत कळते. माझ्याकडच्या दोन कॅन विरजण आणि शेजारच्या गोठ्यातलं शेण घालून आम्ही टाकी पुन्हा लावली. आता ते पीठ चमच्यानं मोजल्यासारखं घालतात आणि संध्याकाळच्या सांबाराची शेगडी त्यावरच चालते.

अण्णांकडे शेगडीचीही गोची होती. त्यांनी एलपीजीचाच बर्नर लावला होता. या गॅसला दाब फार कमी असतो आणि तो पातळ असतो, त्यामुळं बर्नरचं भोक मोठं लागतं. शिवाय गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतं. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि ते भांड्यांना, पितळी भागांना खातं. त्यावर उपाय आमच्या गावात फुकट मिळतो. लेथवर निघालेला, गंज चढलेला लोखंडाचा कीस एका पाइपात भरायचा आणि गॅस त्यातून न्यायचा. गंजलेलं लोखंड तो वास धरून ठेवतं. कीस काळा पडला की बाहेर काढून हवेवर पसरायचा, तो पुन्हा तांबूस होतो आणि परत वापरता येतो.

टाकीला काय चालत नाही, हे मी चुकत चुकत शिकले. कांद्याची वाळकी टरफलं वर तरंगतात आणि साय धरल्यासारखा थर होतो, गॅसला वाटच राहत नाही. इथं कांदा मार्केट एवढं मोठं की सुरुवातीला सगळेच ती टाकायला बघतात. संत्र्या-मोसंबीच्या सालीतलं तेल जंतूंना मारतं. डाळिंबाची साल तुरट, तीही नको. शेंगदाण्याची टरफलं, हाडं, अंड्याची कवचं तळाशी साठून टाकी भरत जाते. आणि साबण, फिनेल अजिबात नाही. दिवाळीच्या साफसफाईत एका हॉटेलातल्या पोरानं फिनेलची बादली टाकीत रिकामी केली, तो प्लांट दोन महिने उठला नाही. त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं की टाकीत जिवंत काही असतं.

थंडीचंही बघावं लागतं. या जंतूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. सोलापूरचा उन्हाळा त्यांच्यासाठी चांगलाच. पण गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, रात्री गारठा असतो. गॅस एक तृतीयांशानं तरी उतरतो आणि नेमकी तेव्हाच गावात गर्दी असते. मी टाकीला पोत्यांचं पांघरूण घालते आणि खाद्य कोमट पाण्यात कालवते.

सगळ्यात अवघड मला गेलं ते मंगल कार्यालय. तिथले मालक म्हणाले, ''ताई, एका लग्नाला दोनशे किलो उरतं आणि मग दहा दिवस काहीच नाही.'' टाकीला उपवास आणि जेवणावळ दोन्ही सोसत नाही. तीनदा त्यांची टाकी आंबली. उत्तर मला माझ्याच दारात सापडलं. आपल्याकडे कडक भाकरी वाळवून महिनोन् महिने टिकवतात. मग उरलेला भात आणि पोळ्या का वाळवू नयेत? कार्यालयाची गच्ची मोठी, सोलापूरचं ऊन कडक. आता लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोन बायका गच्चीवर भात पसरतात, वाळला की कुटून पोत्यात भरतात. भाजी-आमटीचं ओलं त्या-त्या दिवशी मापानं टाकीत जातं, आणि मधल्या दिवसांत रोज डबाभर कूट भिजवून घालतात. वाळलेला असल्यामुळं थोडाच पुरतो, एक किलो कुटात तीन-चार किलो ओल्याचा जीव असतो. पावसाळ्यात हे जमत नाही, पण पावसाळ्यात लग्नंही कमीच.

काहींना मी प्लांट बसवू नका असं सांगते. भजी-फरसाणवाल्यांचं ओलं फारसं नसतंच, त्यांच्याकडे असतं जळकं तेल. ते टाकीत ओतलं तर फेस येऊन सगळं बंद पडतं. त्या तेलाची वाट वेगळी आहे, त्याचं बायोडिझेल होतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, तेव्हा शेंगदाण्याच्या आमच्या गावाला हे नवल वाटायला नको. २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, तेलातले खराब घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, आणि असं तेल गोळा करून इंधनासाठी द्यायची योजनाही आहे. छोट्या गाड्यावाल्याचं रोजचं तेल दोन-तीन लिटर. तेवढ्यासाठी कुणी दारात येत नाही, म्हणून सात-आठ जणांनी एकत्र डबा भरावा, असं मी सांगत असते. दोन ठिकाणी ते सुरू झालंय. बेकरीवाल्यांच्या भट्टीला तुरकाठ्या-भुशाच्या ब्रिकेट बऱ्या, ज्याला इथं पांढरा कोळसा म्हणतात.

मोठे प्रकल्पही आपल्याकडे आहेत. तुळजापूर रस्त्याला भोगावजवळ महापालिकेच्या कचऱ्यासाठी गॅस आणि त्यातून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला, दिवसाला ४०० टन कचरा आणि ३ मेगावॉट वीज अशी त्याची क्षमता. साखर कारखाने राज्यात सगळ्यात जास्त आमच्या जिल्ह्यात, त्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, गाड्यांचा गॅस करण्याला २०१८ च्या 'सतत' योजनेनं दार उघडलं. हे सगळं व्हावं. पण माझ्या खानावळीतला भात घंटागाडीतून भोगावला पोहोचेपर्यंत प्लॅस्टिक, काच, राखेत मिसळलेला असतो. जिथं ताट उचललं तिथंच तो वेगळा राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही रोज शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच जागेत जिरवावा असं लिहिलं होतं.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. सगळी मदत टाकी बसेपर्यंतच असते. कर्ज, अनुदान, उद्घाटनाचा नारळ, सगळं पहिल्या दिवशी. टाकीला खरी गरज असते ती पुढच्या चाळीस दिवसांत, विरजण लागेपर्यंत, आणि मग दुसऱ्या वर्षी, पहिला पाइप फुटतो आणि घालणारा पोरगा नोकरी सोडून जातो तेव्हा. मी कुणाचा प्लांट लावून दिला की पहिले सहा आठवडे दर आठवड्याला जाते. लिटमसच्या पट्ट्या, साबणाचं पाणी आणि वही घेऊन. जोडाला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तर गळती. काडी ओढून गळती शोधायची नाही, हवेत शंभरात पाच ते पंधरा भाग मिथेन मिसळला की भडका होतो. आणि टाकीत कुणीही उतरायचं नाही. एका गोठ्यावर मी गेले तेव्हा पडलेला मग काढायला चौदा वर्षांचं पोरगं टाकीत पाय सोडून बसलं होतं. मी ओरडून त्याला मागं ओढलं. आत हवा नसते, विषारी वायू असतो, दोन श्वासांत माणूस पडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. त्या गोठ्याच्या भिंतीवर मी त्याच दिवशी खडूनं लिहिलं, ''मेलं तरी आत उतरू नका.'' पुढच्या आठवड्यात मालकानं ते रंगानं लिहून घेतलं.

या रविवारी बार्शीकडे जायचंय. तिथल्या एका ताईंची खव्याची भट्टी आहे आणि सात म्हशी. पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा निघतो, तेवढं आटवायला दिवसभर जाळ लागतो. ताईंचे डोळे धुरानं कायम लाल. शेण घरचंच, गोठ्याशेजारी जागा आहे, टाकी परवा येऊन पडलीय. त्यांनी फोनवर विचारलं, ''आक्का, पहिल्या दिवशी खवा करता येईल का गॅसवर?'' मी म्हटलं, ''नाही, महिनाभर जाळ लाकडाचाच. महिन्यानं एक कढई. सगळ्या भट्टीचा जाळ यातून निघणार नाही, पण एक कढई बिनधुराची होईल.'' त्या म्हणाल्या, ''एक झाली तरी चालेल.''

दोन कॅन भरून ठेवल्यात. एसटीत घेत नाहीत, म्हणून भावाचा टेम्पो सांगितलाय. झाकणं मात्र अर्धा आटा सैल ठेवलीत. आतलं विरजण वाटेतही काम करत असतं, घट्ट लावली तर वैरागपर्यंत कॅन फुगते.